कोरेगावच्या स्तंभाचा बिल्ला : खरा कसा ओळखावा ?



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आपल्या वस्तीतल्या जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरले. लष्करात नोकरी केलेल्या आपल्या वाडवडिलांचे बिल्ले, पदके आणि कागद गोळा करण्याचे काम मंडळाने आमच्याकडे दिले. घराघरातून पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. कुणाच्या पेटीत टोपीवरचा पितळी बिल्ला निघाला, कुणाकडे रिबीन नसलेले पदक, कुणाकडे खांद्यावर शिवायचा कापडाचा तुकडा. आणि प्रत्येकाने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "हे खरं आहे ना ?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सोपे नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्यांना आज बाजारात चांगला भाव येतो. परदेशातले हौशी लोक ते गोळा करतात. ज्याला भाव आला त्याची नक्कल आलीच. महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्यांचेही तसेच झाले आहे. काही नकला आठवण म्हणून विकल्या जातात, त्यात वाईट काही नाही. पण तीच नक्कल चिंचेच्या पाण्यात आणि मातीत मुरवून "बर्माच्या लढाईतला बिल्ला" म्हणून विकली जाते, तेव्हा तो आपल्या इतिहासाशी केलेला खोटेपणा होतो.

कुणी म्हणेल, एक बिल्ला खोटा निघाला तर काय बिघडले ? बंधूंनो, फार बिघडते. आपल्याला इतिहासच नव्हता असे म्हणणारे लोक आजही आहेत. आपण कपाटात दहा वस्तू मांडल्या आणि त्यात एक खोटी निघाली, तर ते त्या एकीकडे बोट दाखवून उरलेल्या नऊ खऱ्या वस्तूही खोट्या ठरवतील. म्हणून पारख आपणच करायची, आणि ती इतरांपेक्षा कडक करायची.

बौद्धांच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. १८९८ च्या जानेवारीत पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने नेपाळ सरहद्दीजवळ पिप्रहवा येथील स्तूप खणला. आत दगडी करंडक, अस्थी, रत्ने आणि ब्राह्मी लिपीतला लेख सापडला. भगवान बुद्धांच्या धातूंचा उल्लेख त्या लेखात आहे. एवढा मोठा शोध ! पण त्याच काळात, त्याच भागात फ्यूरर नावाचा जर्मन अधिकारी पुरातत्त्व खात्यात काम करत होता. हा गृहस्थ यू मा नावाच्या ब्रह्मदेशच्या भिक्खूंना खोटे धातू पुरवत होता. बुद्धांचा म्हणून दिलेला दात चक्क घोड्याचा निघाला. त्याच वर्षी त्याचे बिंग फुटले आणि त्याला नोकरी सोडावी लागली. पण नुकसान झाले ते झालेच. फ्यूरर तिथे जवळ होता एवढ्यावरून पिप्रहवाच्या खऱ्या शोधावरही पुढे अनेक वर्षे संशय घेतला गेला. खोट्याने खऱ्याला कसे बुडवावे, याचा हा धडा आपण विसरता कामा नये.

पहिली कसोटी : साल जुळते का ?

बिल्ला हातात घेतला की आधी धातू बघू नका, आधी इतिहास बघा. जी गोष्ट त्या साली नव्हतीच, ती त्या सालच्या बिल्ल्यावर कशी असेल ?

आपल्या लष्करी नोकरीचा पट थोडक्यात असा. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावची लढाई झाली. तिच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली. स्तंभावर कंपनीच्या फौजेतल्या मृतांची जी नावे कोरली आहेत त्यातली २२ नावे 'नाक' शेवटी असलेली, म्हणजे महारांची आहेत. पुढे १८९२ नंतर इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या मंत्र्याकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा इंग्रजांना आपली आठवण झाली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडलीसुद्धा. काम झाले, वाट धरा !

दुसरे महायुद्ध पेटले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र रेजिमेंट हवी हा आग्रह त्यांनी धरला आणि आपल्या तरुणांना भरती होण्याचे आवाहन केले. १९४१ मध्येच महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली बटालियन बेळगावला, दुसरी कामठीला. पुढच्या वर्षी तिसरी बटालियन आणि २५ वी बटालियन उभारण्यात आली.

आता बिल्ल्याकडे या. या रेजिमेंटचा पहिला बिल्ला म्हणजे कोरेगावचा स्तंभ आणि त्याखाली इंग्रजीत 'महार' हा शब्द. एवढेच. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले, तेव्हा बिल्ला बदलला. दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर तिरप्या, सोबत स्तंभ, आणि खाली 'महार एमजी रेजिमेंट' अशी पट्टी. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला.

ही तीन पावले पाठ करून ठेवा. महायुद्ध संपले १९४५ साली. म्हणजे तिरप्या मशीनगन असलेला बिल्ला कुणी "बर्मातला, बेचाळीसचा" म्हणून दाखवला तर ते शक्य नाही. खंजीर असेल तर तो आणखी पुढचा. तसेच कुणी "कोरेगावच्या लढाईत पणजोबांनी लावलेला बिल्ला" म्हणून स्तंभाचा बिल्ला दाखवला तर हसू नका, पण शांतपणे सांगा, की लढाईच्या दिवशी स्तंभ कुठे होता ? तो तर त्या लढाईची आठवण म्हणून नंतर बांधला. १८१८ च्या लढाईसाठी जे पदक मिळाले तेसुद्धा १८५१ साली जाहीर झाले. त्याचे नाव आर्मी ऑफ इंडिया मेडल. त्यावर कोरेगावच्या नावाची पट्टी असे. लढाईला ३३ वर्षे उलटून गेल्यावर जे हयात होते त्यांनाच ते मिळायचे. किती जण हयात असतील, हिशेब तुम्हीच करा.

दुसरी कसोटी : बनावट कशी आहे ?

साल जुळले म्हणजे बिल्ला खरा ठरला असे नाही. नक्कल करणारासुद्धा सनावळी वाचतो. म्हणून आता बिल्ला उलटा करा. खरी गोष्ट पाठीमागे लिहिलेली असते.

बिल्ला दोन प्रकारे बनतो. एक ठशाचा. पितळेचा पत्रा दोन डायांमध्ये दाबून काढतात. समोर जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा. अक्षरांच्या कडा धारदार, पत्रा पातळ, वजनाला हलका. दुसरा ओतीव. साच्यात वितळलेले पितळ ओततात. त्याची पाठ बहुधा सपाट आणि भरीव, अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, कडेला कानशीचे ओरखडे, आणि नक्षी जरा साबण लावल्यासारखी बुळबुळीत.

कारखान्याच्या फाउंड्रीत काम केलेल्या आपल्या माणसांना एक गोष्ट ठाऊक आहे. पितळ थंड होताना आकसते, फुटामागे साधारण दीड सूत. त्यामुळे खऱ्या बिल्ल्याचाच साचा काढून त्यात नवा ओतला तर तो मूळ बिल्ल्यापेक्षा लहान भरतो. दीड इंचाच्या बिल्ल्यात हा फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास येतो. डोळ्याला दिसणार नाही, पण व्हर्नियर लावला की कळतो. खात्रीचा एक बिल्ला शेजारी ठेवून मापे घ्यावीत.

पण इथे एक इशारा. विलायतेतल्या संग्राहकांची पुस्तके ओतीव दिसला की खोटा म्हणतात. आपल्याकडे तो नियम सरसकट चालत नाही. युद्धाच्या गर्दीत हिंदुस्थानी पलटणींचे बिल्ले छावणीच्या बाजारातल्या तांबट-कासारांकडूनही करून घेतले जात. ते ओतीव असत, ओबडधोबड असत, आणि तरीही शंभर टक्के खरे असत. म्हणून ओतीव बिल्ला फेकून देऊ नका, त्याची झीज बघा. खरी झीज जिथे बोट लागते तिथे होते. स्तंभाचे टोक, अक्षरांचा माथा गुळगुळीत, आणि खाचांमध्ये मात्र जुन्या पॉलिशचा पांढरट-हिरवा थर साठलेला. पाठीमागच्या कड्या आतल्या बाजूने घासलेल्या असतात, कारण त्यातून पिन वर्षानुवर्षे ये-जा करते. खोट्या बिल्ल्याला सगळीकडून सारखे घासलेले असते, खाचांमध्येही. आणि कड्या मात्र कालच डाग देऊन बसवल्यासारख्या कोऱ्या !

सगळ्यात अवघड नक्कल म्हणजे जुनाच डाय वापरून नंतर मारलेला बिल्ला. तो मापात बरोबर, नक्षीत बरोबर. तिथे झीज आणि घरचा कागद, या दोनच गोष्टींवर भरवसा.

तिसरी कसोटी : पदकाची कड

पदकाचे वेगळे आहे. पहिल्या महायुद्धाची गोल पदके, म्हणजे १९१४-१८ चे युद्धपदक आणि विजयपदक, यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन कड वाचा. तुमच्या घरच्या माणसाचे नाव तिथे असेल तर यापेक्षा मोठा पुरावा नाही. कधी कधी व्यापारी मूळ नाव कानशीने काढून भाव येणाऱ्या पलटणीचे नाव घालतात. मग कड तिथे पातळ होते. चार-पाच ठिकाणी व्यास मोजा, फरक आला की समजा.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर आणि स्टारवर मात्र सरकारने नावेच घातली नाहीत. त्यामुळे नाव नाही म्हणून ते खोटे नाही. उलट नुसता बर्मा स्टार घरात आहे म्हणून आजोबा बर्मात होते हेही सिद्ध होत नाही. बर्मा स्टार तिकडच्या मोहिमेवर गेलेल्यांना मिळे. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन बर्माच्या मोहिमेत होती. पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या. मुलखात राहून तीन वर्षे नोकरी केलेल्यांसाठी इंडिया सर्व्हिस मेडल होते. त्याच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा आहे. ते कमी प्रतीचे समजू नका. ज्याला जिथे पाठवले तिथे त्याने इमानाने नोकरी केली.

एक पदक आपल्या लोकांनी मुद्दाम बघावे. ते आहे १९४७ चे स्वातंत्र्याचे पदक. त्याच्या एका बाजूला सम्राट अशोकाचे धम्मचक्र आणि त्यावर इंग्रज राजाचा मुकुट. दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह. या पदकाच्या कडेवर नाव असते. मुकुट अजून उतरला नव्हता, पण चक्र आले होते.

चौथी कसोटी : सूत

खांद्यावरचे कापडी बिल्ले म्हणजे डिव्हिजनच्या खुणा. सतराव्या डिव्हिजनची काळी मांजर, सातव्या डिव्हिजनचा सोनेरी बाण, चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड. आपले लोक महार रेजिमेंटशिवाय इतर दलांतही होते, त्यामुळे अशा खुणा आपल्या घरात निघू शकतात. त्या छावणीतल्या शिंप्यांनीही शिवल्या, म्हणून दोन तुकडे तंतोतंत सारखे नसतात.

इथे गिरणी कामगाराला कुणी शिकवायला नको ! मागचा एखादा सुटलेला धागा, एकच, काढून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर जळताना आकसते आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरचा धागा बाजारात आला तो युद्धानंतर. तेव्हा मणी झाला की तो बिल्ला १९४५ चा नाही. मात्र मूळ बिल्ला कोटावर नंतर नव्या दोऱ्याने टाचलेला असू शकतो. म्हणून टाचणीचा धागा नको, भरतकामातला धागा घ्या. काही लोक निळ्या-जांभळ्या दिव्याखाली कापड धरून चमकते का बघतात. पण हल्लीच्या धुण्याच्या पावडरीने जुने सुती कापडही चमकते. एका कसोटीवर कधीच विसंबू नये.

बिल्ला खरा, गोष्ट दुसरी

आता आमच्यासमोर आलेले एक प्रकरण सांगतो. एका आजीबाईंनी सासऱ्यांचा बिल्ला आणला. "हा बर्माच्या लढाईत त्यांच्या टोपीवर होता," असे घरात तीन पिढ्या सांगत आले होते. बिल्ल्यावर तिरप्या मशीनगन. आमच्यातला एक तरुण लगेच म्हणाला, खोटा आहे. आम्ही त्याला थांबवले. बिल्ला ठशाचा होता, झीज बोटाची होती, कड्या घासलेल्या होत्या. मग पेटीतले डिस्चार्जचे कागद मागवले. भरती १९४२ ची आणि नोकरी स्वातंत्र्यानंतरही चाललेली. म्हणजे माणूस खरा, नोकरी खरी, बिल्लाही खरा. फक्त तो १९४६ नंतर मिळालेला. बर्माच्या दिवसांतला स्तंभाचा बिल्ला त्यांनी बदलीवेळी जमा केला असावा. आजींना हे सांगितले तेव्हा त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मंग तसंच लिवा. खरं त्ये लिवा." प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर आम्ही तसेच लिहिले आहे.

म्हणून निकाल देताना घाई नको. बिल्ला खोटा असणे वेगळे, आणि खऱ्या बिल्ल्याला चुकीची गोष्ट चिकटणे वेगळे. दुसऱ्यात कुणाचा गुन्हा नसतो. आठवण पिढ्यान् पिढ्या तोंडी चालली की ती थोडी सरकतेच.

काही घरांतून पितळी नंबरी बिल्ले आले, लष्करी म्हणून. नीट बघितले तर ते गिरणीचे आणि हमालीचे निघाले. नुसता नंबर, कारखान्याचे नाव, वरती अडकवायला भोक. आम्ही तेही ठेवून घेतले, वेगळ्या कपाटात. ज्या माणसाला कारखान्यात नावाऐवजी नंबराने हाक मारली, त्याचा तो पुरावा आहे. तोही इतिहासच की !

काय करावे, काय करू नये

एक, बिल्ला घासून चकचकीत करू नका. चिंच, राख, ब्रासो काही नको. खाचांमधला जुना थर गेला की अर्धा पुरावा गेला. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा.

दोन, भंगारात किंवा दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला वजनावर विकू नका. पिप्रहवाची रत्ने पेपेच्या वारसांनी २०२५ साली हाँगकाँगला लिलावात काढली होती. भारत सरकारने हरकत घेतली तेव्हा लिलाव थांबला आणि त्याच वर्षी ती भारतात परत आली. आपल्या बिल्ल्यासाठी सरकार धावून येणार नाही. तो आपणच जपायचा.

तीन, बिल्ल्यापेक्षा कागद मोठा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पलटणीतला ग्रुप फोटो, हे सगळे एकत्र ठेवा. सैनिकाचा नंबर आणि हुद्दा मिळाला तर सागर येथील महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला घरच्यांनी पत्र लिहावे.

चार, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कुणी दिला, कधी दिला, कुठे होता. सांगणाराचे नाव आणि तारीख घाला.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे मानावे ? तथागतांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, केवळ गुरू सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या असे शिकवले. बाबासाहेबांनीही आपल्याला इतिहास सांगितला तो पुराव्यानिशी. त्यांच्या लेकरांनी पुराव्याला घाबरायचे कारण नाही. आपल्याजवळ खरे इतके आहे, की खोट्याची गरजच नाही.

प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक वस्तूखाली आम्ही चिठ्ठी लावली आहे. जे कळले ते लिहिले आहे, जिथे शंका आहे तिथे 'शंका आहे' असेही लिहिले आहे. सहकुटुंब या, मुलांना आणा, भिंग ठेवले आहे, त्यांना बिल्ला उलटा करून बघू द्या.

जयभीम ! नमो बुद्धाय !